वडिलांची १९७५ ची पद्मिनी: विंटेज नोंदणी करू की चालती ठेवू? आणि सुरुवात कुठून करू?

कोरेगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी नंबर लावून घेतलेली. त्यांची कोरेगावला घेवड्याची आडत होती, बुकिंग केल्यावर कित्येक वर्षांनी गाडी दारात आली असं आजी सांगायची, पेढे वाटले होते म्हणे. पद्मिनी हे नाव लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं, त्याआधी ती फियाट म्हणूनच ओळखीची, त्यामुळे घरात आणि गावात सगळे तिला फियाटच म्हणत आले आणि आम्हीही फियाटच म्हणतो. आजोबांनंतर वडिलांनी चालवली. माझं सगळं लहानपण मागच्या सीटवर गेलंय, खंबाटकी घाटात दर वेळी थांबायचं, बॉनेट उघडून ठेवायचं, वडील हातात पिवळं फडकं घेऊन उभे राहायचे आणि रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही हे आम्हाला दर वेळी नव्याने सांगायचे.

गाडी नऊ वर्षं झाली वाड्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ठेवली ती ठेवलीच, पण ते होते तोवर दर रविवारी पुसायचे. मागच्या पौषात ते गेले. आता थोरल्या भावाचं म्हणणं असं की शेड पाडून तिथे दोन खोल्या काढायच्यात, गाडी देऊन टाकू, तसंही पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार भंगारात घालतंय. त्याचंही चुकतंय असं मी म्हणत नाही, गावी तोच राहतो, उंदरं विंचू काय निघेल ते त्यालाच बघावं लागतं. भंगारवाला येऊन बघूनही गेला. पण आईने त्या दिवशी एकच वाक्य सांगितलं, "जायची असेल तर जाऊ दे, पण दारातून स्वतःच्या पायानं जाऊ दे, दोरी लावून ओढत नेऊ नका." तेव्हापासून मला झोप नाही.

मी पुण्यात असतो, दोन-तीन आठवड्यांनी गावी जातो. गाड्यांचं ज्ञान म्हणाल तर स्टेपनी बदलता येते आणि बॅटरीला पाणी घालता येतं, बास. आत्ताची अवस्था अशी: चारही चाकं बसलीत, बॅटरी नाही, टाकीत किती जुनं पेट्रोल आहे माहीत नाही, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा दाबला की करकर वाजतो, हँडल गिअर (स्टिअरिंगजवळचा) हलतो पण पडतो का कळत नाही. बाहेरून मात्र अजून देखणी दिसते, बंपरचं क्रोमही बऱ्यापैकी शाबूत आहे. आरसी बुक वडिलांच्या नावावर, नूतनीकरण २०१८ ला संपलंय.

माझे प्रश्न:
पन्नास वर्षं पूर्ण झाली म्हणून विंटेज म्हणून नोंदवावी का? कुणी म्हणतं तेच बरं, कुणी म्हणतं मग रस्त्यावर आणता येत नाही.
काम आधी कशाला लावू? पुण्यात एकाने फोटो बघूनच सांगितलं, गाडी उचलून आणा, आधी पूर्ण पेंट मारून देतो, मग इंजिनचं बघू.
आणि वडिलांची एक डायरी सापडलीय डॅशबोर्डच्या खणात, त्यात प्रत्येक पेट्रोल, ऑइल, कुठे काय काम केलं ते तारखेसकट लिहिलंय. तिचा काही उपयोग होईल का?

---

टॉर्क_पुणे

डायरीचा उपयोग नाही काय विचारताय, सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच आहे!! पहिल्यांदा तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

आणि फोटो बघून पेंटचा भाव सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतीलच. मी वाचतोय, माझ्या सासऱ्यांकडे पण एक उभी आहे.

---

उद्यमनगर_फिटर

नमस्कार. कोल्हापुरात आमचं मशिनिंगचं वर्कशॉप आहे, तिसरी पिढी. फियाट, पद्मिनी, जीप यांची हेडं, क्रँका, बोअर अजून येतात आमच्याकडे, पूर्वीइतकी नाहीत पण येतात. जे हाताने केलंय तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, सेल्फ मारू नका. नवी बॅटरी आणून "चालू होते का बघू" हा मोह प्रत्येकाला होतो आणि नऊ वर्षं उभ्या गाडीचं वाटोळं तिथेच होतं. बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन सरकतो त्या नळकांड्यात, गंज धरलेला असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, सेल्फ जोरात फिरवला की रिंग तरी तुटते नाहीतर बोअरला ओरखडे. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडा, त्यात थोडं डिझेल मिसळलं तरी चालतं, आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. प्लगची भोकं फडक्याने झाका, उंदीर किंवा किडा आत गेला तर नवं काम. मग न्यूट्रलला टाकून क्रँकच्या पुलीचा नट पान्याने धरून हाताने हळू फिरवून बघा. फिरली तर अर्धी लढाई जिंकली. नाही फिरली तर जोर लावायचा नाही, पुन्हा ऑइल, पुन्हा थांबा. आमच्याकडे एक आली होती तिला पंधरा दिवस लागले सुटायला, पण सुटली आणि अजून चालते.

डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटलाय. हा पंप इंजिनच्या अंगावरच असतो, डायफ्राम फाटला की पेट्रोल सरळ खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. तसलं ऑइल घालून इंजिन चालवलं की बेअरिंगं गेली. ऑइल तसंही बदलायचंच आहे, पण वास घेतला की रोग कळतो.

टाकी खाली उतरवा. जुनं पेट्रोल फेकून नवं घातलं की झालं असं नाही, तळाला गंजाचा गाळ बसलेला असतो तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो आणि मग माणूस महिनाभर ट्यूनिंग करत बसतो. आणि आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकी आतून गंजते, जुन्या रबराच्या नळ्या फुगतात मऊ पडतात. म्हणून सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचाच घ्या, दुकानात व्हायटॉन म्हणून मागा. गाडी महिना दोन महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल साठवून ठेवू नका. माझ्या ओळखीत एकाची पेट्रोलची नळी चालत्या गाडीत सुटली, खाली सायलेन्सर गरम. नशीब त्याचं. ही नळी चाळीस-पन्नास रुपयांची वस्तू आहे, तिच्यात काटकसर करू नका.

आता तुमच्या खंबाटकीच्या रेडिएटरबद्दल. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड, म्हणजे वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. १०८९ सीसी, ६८ चा बोअर ७५ चा स्ट्रोक, साधं सरळ मजबूत इंजिन आहे, पण हेड तापलं की वाकतं. आणि गावाकडे सगळ्यांनी रेडिएटरमध्ये काय घातलं, बोअरवेलचं पाणी. आतल्या पाण्याच्या वाटा क्षाराने निम्म्या बुजलेल्या निघतात, मी ड्रिलने खरवडून काढलेल्या आहेत. वडिलांनी काळजी घेतली असेल तर चांगलंच, पण डायरीत "हेड फेसिंग" (वाकलेलं हेड घासून सपाट करणं) किंवा "हेड गॅस्केट" असा शब्द किती वेळा आलाय ते मोजा. प्रत्येक फेसिंगला थोडं थोडं मटेरियल जातं, आधीच दोन-तीनदा झालं असेल तर नव्याने फेसिंग करताना माप घेऊन करायला लागेल. रिबोअर झाला असेल, म्हणजे झिजलेला बोअर मोठा केला असेल, तर कितवा ओव्हरसाइज पिस्टन बसवलाय तेही डायरीत असणार, ते मला कळवा. हेड उघडायची वेळ आली तर स्टड ॲल्युमिनियममध्ये गंजून चिकटलेले असतात, पहारीने उचकटायला कुणी लागला तर त्याच्या हातातून काढून घ्या.

इंजिनच्या आधी ब्रेक मात्र करा. चारही चाकांना ड्रम आहेत. ब्रेक ऑइल पाणी धरतं, नऊ वर्षांत व्हील सिलिंडर आतून गंजून बसलेले असणार. होज पाइप बाहेरून छान दिसतात पण आतून फुगून बंद झालेले असतात, पायडल दाबला की ब्रेक लागतो आणि सोडला की सुटत नाही. मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल तर कुठेही एक गळती लागली की सगळेच ब्रेक गेले. म्हणून सगळे रबर, सगळे होज, सगळ्या नळ्या नव्या. चालू होणारी गाडी थांबली पाहिजे ना.

हँडल गिअरला घाबरू नका. लिंकेजचे बुश झिजलेले असतात, तयार नाही मिळाले तर नायलॉनचे लेथवर काढून देतो, तासाभराचं काम आहे. गिअर ऑइल जीएल-४ ग्रेडचं घाला, जीएल-५ नको, ते पितळी सिंक्रो रिंगला बरं नाही. पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस मारून बघा निपलमधून ग्रीस बाहेर येतं का. मागचे स्प्रिंगचे पाटे बसले असतील तर कमान मारून मिळतात.

पत्र्याचं मी सांगत नाही, तो माझा धंदा नाही.

---

देवरुखकर

पत्र्याचं मी सांगतो, कारण त्यात मी हात पोळून घेतलेत.

आमची ६७ ची फियाट डिलाइट. कोकणातली हवा, त्यात चार पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्री हा शत्रू आहे हे लक्षात ठेवा, आतली ओल बाहेर जाऊच देत नाही, गाडी उघडी ठेवली असती तर कमी सडली असती. तर मी काय केलं, एका शहरातल्या गॅरेजला दिली, नाव घेत नाही, आधी बॉडी पेंट करून घेऊ म्हणजे घरच्यांना दिसायला तरी काहीतरी होईल असा माझा विचार. सहा महिन्यांत करतो म्हणाले, दोन वर्षं गाडी त्यांच्या अंगणात. आली तेव्हा आरशासारखी चमकत होती, आईने नारळ फोडला. पुढच्या पावसाळ्यात रनिंग बोर्डच्या वरच्या बाजूला फोड आले. नखाने खरवडलं तर आत पुट्टी, पुट्टीच्या आत फायबर, आणि फायबरच्या आत काही नाही. पत्राच नव्हता. सडका पत्रा कापायच्या ऐवजी त्याच्यावरून थापलं होतं.

आणि यात खरा धोका रंगाचा नाही. या गाडीला जीपसारखी खाली वेगळी चासी नसते. बॉडी हीच चासी. तुमचा तो फ्लोअर आणि दाराखालची ती पोकळ पट्टी, त्याच्यावर सगळी गाडी उभी आहे. तुम्ही लिहिलंत पायाखाली करकरतं, ते ऐकून मला कसंतरीच झालं. आत्ता जाऊन एवढं करा: एक लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही, आणि दाराखालून, चाकांच्या कमानीवरून, डिकीच्या कडांवरून फिरवत जा. जिथे धरत नाही तिथे आधीच पुट्टी आहे. मग खालून झोपून स्क्रू ड्रायव्हरने टोचत जा. टण वाजलं तर चांगलं, खच्च करून आत गेला तर तेवढा भाग खडूने आखून ठेवा. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात ती मातीने बुजलेली असतील, तारेने मोकळी करा, आजच करा, फुकट काम आहे.

दाराखालचा पत्रा बदलायचा झाला तर कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे अँगल टाकून वेल्डिंगने टेकू द्यायला लागतो आणि एका वेळी एकच बाजू कापायची. नाहीतर गाडी मधून बसते, मग नवा पत्रा लागला तरी दारं लागत नाहीत. माझं मागचं डावं दार अजून उचलून लावावं लागतं, त्याचं कारण हेच. डेंटरला पहिला प्रश्न हाच विचारा, कापायच्या आधी काय करणार. त्याने टेकू द्यायचं स्वतःहून सांगितलं तर माणूस जाणकार.

आणि चासी नंबर!! तो कोरलेला भाग कुणालाही कापू देऊ नका, घासू देऊ नका, त्याच्यावर पुट्टी लावू देऊ नका. आत्ताच कागद ठेवून पेन्सिलने त्याचा ठसा काढून ठेवा, इंजिन नंबरचाही. आरटीओत तो ठसा आणि आरसी जुळली नाही तर तुमच्याकडे गाडी नाही, फक्त पत्रा आहे.

---

निवृत्त_लिपिक_ठाणे

कागदपत्रांचं मी लिहितो, परिवहन खात्यात आयुष्य गेलं.

तुमच्या बंधूंना आधी सांगा की महाराष्ट्रात खासगी मोटार पंधरा वर्षं झाली म्हणून भंगारात घालावी लागत नाही. डिझेल दहा, पेट्रोल पंधरा हे दिल्ली परिसरातलं प्रकरण आहे, आणि दुसरा नियम सरकारी मालकीच्या वाहनांचा आहे, तो १ एप्रिल २०२३ पासून. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून मिळते, गाडी धडधाकट असेल तर कितीही वेळा. लोक टीव्हीवर एक ओळ ऐकतात आणि घरातली चांगली गाडी भंगारवाल्याला देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी नाव बदला. मालक वारल्यावर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत वारसाच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा असा नियम आहे, तुमची मुदत गेलेली दिसते, तरी अर्ज करा, उशिराचं काय ते भरावं लागेल. नमुना ३१ लागेल. नमुना ३० भरू नका, तो विक्रीचा. मृत्यूचा दाखला, आई आणि भावाचं नाहरकत प्रतिज्ञापत्र, आरसी, विमा. भावाशी बोलून सगळं खुशीने करा, पुढे विषय निघायला नको.

मग नूतनीकरण, नमुना २५. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीची फी १० हजार झाली आहे, त्याआधी ५ हजार होती. उशिराचे महिन्याला ५०० रुपये वेगळे, शिवाय पर्यावरण कर. आकडा मोठा वाटेल, पण प्रत्येक महिना थांबलात की वाढतच जाणार आहे.

विंटेजचं असं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. फी २० हजार, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. तुमची आधीपासून नोंदलेली आहे म्हणून जुना नंबर राहतो, विंटेज नंबरांची व्हीए मालिका नव्याने नोंदणाऱ्यांसाठी. पण मुख्य मुद्दा, मग ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेणं एवढंच. आईला घेऊन देवाला जायचं म्हटलं तर ते त्यात बसत नाही. गाडी चालवायची इच्छा असेल तर साधं नूतनीकरणच करा. विंटेजचा दरवाजा कुठे पळून जात नाही, उद्या म्हाताऱ्या वयात तुम्हाला वाटलं तर तेव्हा जा. मात्र तोवर गाडीत असे बदल करू नका की तो दरवाजाच बंद होईल.

---

टॉर्क_पुणे

काकांचं शेवटचं वाक्य वाचलं पण मला एक विचारायचंय. मूळ इंजिनासाठी एवढा जीव का काढायचा? एखाद्या अपघातात गेलेल्या हॅचबॅकचं इंजिन, गिअरबॉक्स, पुढे डिस्क ब्रेक, एसी. बॉडी तीच राहते, दिसायला पद्मिनीच, आणि आई एसीत बसून जाईल. हे करून देणारे लोक आहेत.

---

उद्यमनगर_फिटर

करून देणारे आहेत, मीही ब्रॅकेट काढून दिलेत. पण विचार करा. देवरुखकरांनी सांगितलं तसं बॉडी हीच चासी आहे. ही बॉडी साधारण चाळीसेक बीएचपीच्या इंजिनासाठी बनवलेली, त्यात दुप्पट ताकदीचं इंजिन टाकलं की पन्नास वर्षं जुन्या पत्र्यावर ताण कुठे कुठे येतो हे कुणी मोजलेलं नसतं. शिवाय इंजिन नंबर बदलला, आरसीवर मंजुरी नसेल तर विमा फेटाळला जाणार. एवढं सगळं कापून झाल्यावर परत यायला वाट नाही.

जे बदल काढून गाडी परत मूळ करता येते ते खुशाल करा. ठिणगी पाडणाऱ्या सीबी पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, जुने पॉइंट डब्यात घालून ठेवा. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनेमोच्या जागी अल्टरनेटर, डायनेमो आणि कटआउट पोत्यात घालून माळ्यावर. रेडिएटरपुढे इलेक्ट्रिक पंखा, म्हणजे खंबाटकीला थांबायला नको. उद्या कुणाला मूळ करायची असेल तर संध्याकाळी होते.

---

टॉर्क_पुणे

पटलं. सासऱ्यांच्या गाडीचं मी हेच ठरवत होतो, थांबतो आता.

---

कुर्ल्याची_लेक

माझे बाबा प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात होते, ट्रिम लाइनला, सीटा आणि दारांची अस्तरं बसवायचे. आता तिथे कोहिनूर सिटी उभी आहे, त्या रस्त्याने जाताना ते रिक्षात गप्प बसायचे. तुमची १९७५ ची गाडी म्हणजे बाबा तेव्हा नुकतेच लागले होते, कदाचित त्यांच्याच हाताखालून गेली असेल. हे वाचल्यापासून मन तिथेच आहे.

सीटांना हात लावायच्या आधी थांबा दादा. मूळ रेक्झिन फाटलेलं असलं तरी टाकू नका. आमच्या मामांच्या गाडीचं असं झालं, सीटवाल्याने नवी कव्हरं शिवताना जुनी काढून टाकली, ती परत मिळाली नाहीत, आणि नवीन कुणालाच मूळ घड्या कशा होत्या ते सांगता येईना. बाबांनी तेव्हा बसून कागदावर काढून दिल्या, किती पट्ट्या, शिवण कुठे, कडेची गोट कुठून कुठे जाते. म्हणून जुनं कव्हर उसवून काढा, फाडून नाही, म्हणजे तोच कापायचा नमुना होतो. सीटच्या आतल्या स्प्रिंगा बहुतेक चांगल्या असतात, फक्त त्यावरचं पोतं आणि काथ्या बदलावा लागतो, सीटवाला फोम ठासायला निघाला तर नको म्हणा, बसायची उंचीच बदलते. दाराच्या अस्तराचे क्लिप उपटताना मोडतात, पातळ पट्टी घालून क्लिपच्या अगदी शेजारून उचला. पुढची ती त्रिकोणी काच, तिचं रबर काढताना जपा, ते रबर मिळणं फार कठीण झालंय.

सुट्या भागांचं म्हणाल तर मुंबईत टॅक्स्या होत्या तोवर चिंता नव्हती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली. त्या टॅक्स्यांवर जगणारी दुकानं हळूहळू दुसऱ्या मालाकडे वळली. तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि ऑपेरा हाउसकडे अजून जुना साठा ठेवून बसलेले म्हातारे दुकानदार आहेत. फोनवर "नाही" म्हणतात. जुना पार्ट हातात घेऊन समोर उभं राहिलात की मागे जाऊन शोधून आणतात, हे बाबांबरोबर मी डोळ्यांनी पाहिलंय. पुण्यात नाना पेठेत विचारा. आणि बीडिंग, लाइटच्या काचा, मोनोग्राम असलं काही दिसलं की लागत नसलं तरी घेऊन ठेवा.

---

कोरेगावचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार गावी होतो, जे जे सांगितलंत ते करून बघितलं, क्रमाने लिहितो.

डायरी पूर्ण वाचून काढली, रात्री दोन वाजले. फिटर दादा, हेड फेसिंग दोनदा, १९८६ आणि १९९९. रिबोअर एकदाच, १९९९ ला, साताऱ्यात. पिस्टनपुढे "पहिला साइज" असं लिहिलंय, म्हणजे अजून वाव आहे असं समजू का? आणि एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्यात, "विहिरीचे पाणी घालू नये. गाळून उकळून गार करून". वडील दर महिन्याला चुलीवर पातेलं ठेवायचे ते कशासाठी हे मला आज कळलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, त्या पातेल्यासाठी मी किती बोललेय त्यांना.

चुंबक फिरवलं. उजव्या दाराखाली वीतभर आणि ड्रायव्हरच्या पायाखाली ताटाएवढा भाग गेलाय. डावी बाजू टण वाजते. मागच्या कमानी चांगल्या. दारांची भोकं तारेने मोकळी केली, एकातून मूठभर माती आणि गव्हाचे दाणे निघाले. चासी नंबरवर ग्रीस आणि धूळ मिळून थर बसला होता, रॉकेलने पुसला, ठसा घेतला, आरसीशी अक्षर न अक्षर जुळला. आता पुढचं डेंटरने टेकूचं काय सांगितलं त्यावर ठरवतो. दोघांना विचारलं, एक म्हणाला "टेकू कशाला", दुसरा साताऱ्याचा आहे, त्याने मी न विचारता सांगितलं की आधी दारं उघडून अँगल मारू. त्यालाच देतोय.

लिपिक काका, भावाला दिल्लीचं आणि आपल्याकडचं वेगळं आहे हे सांगितलं, तुमचं लिहिलेलं फोनवर दाखवलंही. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला प्रतिज्ञापत्र कधी करायचं सांग, तालुक्याला मी येतो. खोल्या शेडच्या पलीकडच्या बाजूला काढायच्या असं आता बोलणं चाललंय. विंटेज आत्ता नाही, साधं नूतनीकरणच करणार.

प्लग काढून ऑइल शुक्रवारी रात्रीच सोडलं होतं, भावालाच फोन करून करायला सांगितलं, त्याने भोकांवर आईच्या जुन्या साडीचे बोळे लावून ठेवले होते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास नाही. रविवारी दुपारी न्यूट्रलला टाकून पाना लावला. पहिल्यांदा हललीच नाही. जोर लावू नका म्हणाला होतात म्हणून सोडून दिलं, जेवायला गेलो. चार वाजता पुन्हा लावला, भाऊ पंख्याकडे बघत उभा होता आणि मी पान्यावर. आधी खट् असा बारीक आवाज आला, मला वाटलं काहीतरी तुटलं, तेवढ्यात भाऊ ओरडला, पंखा हलला. बोटभर. मग अजून बोटभर. मग अख्खा एक फेरा फिरला, चारही भोकांतून काळं ऑइल फसफसत वर आलं. आई ओट्यावरून उठून शेडच्या दारापर्यंत आली, वडिलांचं पिवळं फडकं डॅशबोर्डवरच होतं, ते उचलून तिने बॉनेटवर सांडलेलं ऑइल पुसलं.

पुढच्या शनिवारी टाकी उतरवतोय. नळीतून थोडं काढून बघितलं तर चहासारखं तांबडं आलंय. टाकी आतून साफ करायला भाऊ म्हणतो बारीक खडी आणि पाणी घालून हलवू, गावात ट्रॅक्टरच्या टाकीला असंच करतात. चालेल का, की पत्रा पातळ झाला असेल तर भोक पडेल?

---

उद्यमनगर_फिटर

फिरली!! वा. पहिलाच साइज असेल तर बोअरला पुष्कळ वाव आहे, आधी माप घेऊ, कदाचित रिंगांवरच भागेल.

खडी नको, धार असते तिला आणि एखादा खडा आत राहिला की निघत नाही. जुन्या सायकलची चेन आत टाका, एका टोकाला तार बांधून तार बाहेर ठेवा म्हणजे ओढून काढता येते. आधी टाकी रिकामी करून दोन दिवस उन्हात उघडी ठेवा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. वाफ पूर्ण गेल्याशिवाय तिच्याजवळ वेल्डिंग, ग्राइंडर, बिडी काहीही आणू नका, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट. धुऊन झाली की आत बल्ब न सोडता तोंडातून मोबाइलच्या टॉर्चने बघा, कुठे उजेड पलीकडे दिसला तर तिथे भोक आहे, खूण करून टाकी माझ्याकडे पाठवा. कोरेगावहून कोल्हापूरला येणाऱ्या कुठल्याही एसटीत टाकता येईल.

---

कोरेगावचा_पोरगा

एसटीत नको, मी आणि भाऊ घेऊन येतो. तुमच्या वर्कशॉपला शनिवारी सुट्टी असते का?